सत्तरच्या खाली

सान इसिद्रो,
बुधवार, जेवणानंतर

प्रिय नेरेइदाताई,

आधी गुन्हा कबूल करतो, मग ओळख सांगतो. उलटं केलं तर तू ओळख वाचूनच पत्र फाडशील. तुझे बाबा दोन वर्षांपूर्वीच बॉल खाली ठेवून तुझ्याकडे मेहिकालीला राहायला यायला पाहिजे होते. ते आले नाहीत ते माझ्यामुळं. मी बोर्डावर खोटा आकडा लावला. एकदा नाही, दोन सीझन झाले लावतोय. आता तर आमचा अख्खा क्लब लावतो आणि बाहेरगावचेही लावतात. झालं, लिहिलं एकदाचं. आता ओळख. मी एव्हेरार्दो, बेसबॉलच्या क्लबातला बाबांचा कॅचर, त्यांचे बॉल झेलणारा. गेल्या नाताळात तू मॅच बघायला आली होतीस, तेव्हा तुझ्या बुटांच्या नाड्या बाकाला बांधणारा मीच. तू पडली नाहीस, पण मला जे बोललीस ते अजून पाठ आहे.

माझं शिक्षण तुला माहीतच असेल. आठवीत असताना मास्तरांच्या गाडीत कोंबड्या भरल्या, आणि शाळेचं आणि माझं तिथंच मिटलं. त्यामुळं पत्रात काही वेडंवाकडं असेल तर सांभाळून घे. फोन केला असता, पण फोनवर तू मध्ये बोलशील आणि मी विनोद करून निसटेन, मला माझी खोड माहिती आहे. कागदावरून पळता येत नाही.

बाबांना आम्ही सगळे ताचोकाका म्हणतो. समोर म्हणतो, पाठीमागं पण तेच म्हणतो, आणि आमच्यात हे फक्त त्यांच्याच वाट्याला आलंय. मी ज्या वर्षी जन्मलो त्या वर्षी त्यांनी बारा मॅच जिंकल्या होत्या. आता ते सत्तेचाळीस वर्षांचे आहेत आणि हा त्यांचा एकोणतिसावा सीझन. मागच्या महिन्यात त्यांनी एका पोराला आउट केलं, तर तो पोरगा जाता जाता म्हणाला, "काका, माझ्या बापाला पण तुम्ही ह्याच बॉलवर काढलं होतं." काका म्हणाले, "तुझ्या आज्याला पण. तुमच्या घरात कोणी कोणाला काही सांगत नाही का?"

इतकी वर्षं हात टिकला कसा, हे विचारायला लोक लांबून येतात. तुला सांगायला नको, तू त्याच घरात वाढलीस. रोज सकाळी सुक्या राजम्याच्या बादलीत कोपरापर्यंत हात घालून अर्धा तास बोटं चालवायची. झोपायचं डाव्या कुशीवर. दार डाव्या हातानं उघडायचं, भाकरी डाव्या हातानं मोडायची, आणि हात मिळवायला कोणी आला की डावा पुढं करायचा, मग तो गव्हर्नर का असेना. तूच त्या नाताळात सांगितलं होतंस, लहानपणी बाबांनी तुला कधी उजव्या हातानं उचललं नाही, आणि तुला वाटायचं सगळ्यांचे बाप डावरेच असतात. मी हसलो होतो. नंतर मला ते सारखं आठवत राहिलं.

त्या बादलीत मी एकदा बेडूक सोडला. जिवंत. काकांनी हात घातला, थांबले, बेडूक बाहेर काढला, त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "ह्याच्यात आणि एव्हेरार्दोत एवढाच फरक की हा गप्प बसतो." आणि बेडूक माझ्या मास्कमध्ये ठेवून दिला. दोन दिवस माझ्या तोंडाला वास येत होता. खोड्या सहन करणारी माणसं मी खूप बघितली, ताई. परत करणारा हा एकच.

आता मूळ गोष्ट. बॉलचा वेग मोजायचं ते यंत्र असतं ना, त्याला आम्ही पिस्तूल म्हणतो. आमच्याकडं रीत अशी आहे की जो पिचर उद्या बॉल टाकणार तो आज जाळीमागं प्लास्टिकच्या खुर्चीत पिस्तूल घेऊन बसतो. प्रत्येक बॉलचा आकडा बघायचा आणि वर खोलीत बसलेल्या म्हाताऱ्या एलीसेओला बोटांनी दाखवायचा. आधी सात बोटं, मग चार बोटं, म्हणजे चौऱ्याहत्तर मैल. एलीसेओ बटण दाबतो आणि बोर्डावर आकडा येतो. तोच आकडा तुझ्या फोनवर दिसतो. मोठ्या शहरात हे सगळं आपोआप होतं म्हणे. आमच्याकडं मध्ये बोटं लागतात, आणि जिथं बोटं लागतात तिथं मी असतो.

दोन वर्षांपूर्वी, माझ्या पहिल्या सीझनला, माझा अंगठा मोडला होता. खेळता येत नव्हतं, म्हणून मॅनेजरनं पिस्तूल माझ्याकडं दिलं, ह्या माकडाला कुठंतरी बांधून ठेवा म्हणून. रविवारची दुपारची मॅच, काका पिचर. बेडकाचं उट्टं काढायचं डोक्यात होतंच. तिसऱ्या इनिंगला त्यांनी चौऱ्याहत्तरचा बॉल टाकला आणि मी वर दाखवलं, सहा आणि चार. बोर्डावर चौसष्ट. लोक हसले. मागून एक जण ओरडला, "ताचो, बॉल चालत निघालाय का बसनं?"

काका हसले नाहीत. त्यांनी बोर्डाकडं बघितलं, चांगलं बराच वेळ बघितलं. मग वाकून बॉल मातीत ठेवला, हळू, अंडं ठेवावं तसा. ग्लोव्ह काढला. टोपी काढली. आणि बाहेर चालायला लागले.

मला काहीच कळेना. शेजारी उलिसेस बसला होता, आमचा दुसरा पिचर. तो पांढरा पडला. म्हणाला, "अरे गाढवा, काय केलंस तू. त्यांनी पोरीला शब्द दिलाय." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. तुझ्या आईची माती झाली आणि तू परत निघालीस, तेव्हा बसस्टँडवर तू त्यांच्याकडून शब्द घेतला होतास, की बोर्डावर सत्तरच्या खाली आकडा दिसला की तिथंच बॉल खाली ठेवायचा आणि मिळेल ती मेहिकालीची बस पकडायची. सगळ्या क्लबला माहीत होतं. मी नवीन, मला कोण सांगणार.

मी खुर्चीवर चढलो आणि वेड्यासारखी बोटं नाचवली. सात, चार. सात, चार. वर एलीसेओला शिव्या घातल्या, त्या बिचाऱ्याची काही चूक नसताना, की डोळे तपासून घे म्हाताऱ्या. बोर्ड बदलला. काका अर्ध्या वाटेवर थांबले, बोर्ड बघितला, माझ्याकडं बघितलं, मागं फिरले आणि बॉल उचलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी पँट भिजायची राहिली एवढंच.

आणि ताई, पुढचाच बॉल. पिस्तुलावर आकडा आला एकोणसत्तर.

खरा. मी यंत्र झटकलं, पुसलं. त्याच्या पुढचा अडुसष्ट. चालून आल्यावर अंग थंड झालं असेल किंवा बाकी काही असेल, पण ते खाली आले होते. एलीसेओ वरून वाट बघत होता. आणि मी आत्ताच बघितलं होतं की हा माणूस बॉल कसा खाली ठेवतो. माझ्याच्यानं ते परत बघवलं नसतं. मी सात बोटं वर केली, मग दोन.

तिथून पुढं सवय लागली. माझा अंगठा बरा झाला, पिस्तूल उलिसेसकडं गेलं, मी त्याला कानात सांगितलं. तो म्हणाला, "हे पाप आहे." मी म्हणलं, "मग खरं दाखव, आणि ते बॉल ठेवून निघाले की तूच जाऊन थांबव." त्यानं बहात्तर दाखवले. मग बाकीच्यांना सांगावं लागलं. मॅनेजर दुसरीकडं बघायला लागला. बाहेरगावच्या मॅचला मला भीती होती, तिथली बोटं आमची नव्हेत. मी त्यांच्या कॅचरला गाठलं आणि हात जोडले. तो दाढी खाजवत म्हणाला, "आम्ही गेल्या वर्षीपासून चार वाढवतोय, तुम्ही किती वाढवता? सगळीकडं एक धरू या, नायतर पकडले जाऊ."

आणि ह्यातला विनोद बघ. बोर्ड बॅटरला पण दिसतो ना. नवी पोरं बोर्डावर चौऱ्याहत्तर बघतात, त्या मापानं बॅट फिरवतात, आणि बॉल अजून वाटेतच असतो. बॅट फिरून झाल्यावर मग बॉल पोचतो, एखाद्या पाहुण्यासारखा. काकांनी गेल्या सीझनला नऊ मॅच जिंकल्या, दहा वर्षांत एवढ्या जिंकल्या नव्हत्या. पेपरवाले राजम्याच्या बादलीचा फोटो काढून गेले. काका त्यांना म्हणाले, "सगळं राजम्यात आहे." मी मागं उभा राहून तोंड दाबून हसत होतो.

मला वाटायचं ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात भारी खोडी आहे. अख्खी लीग एका माणसाला फसवतेय, आणि त्याला पत्ता नाही.

मग ह्या डिसेंबरात उलिसेस कोपराचं दुखणं काढून परत आला. पोरगं घाबरलेलं, बॉल सोडताना हात आखडायचा. त्या दिवशी पिस्तूल काकांच्या हातात होतं, दुसऱ्या दिवशी त्यांची पाळी म्हणून. उलिसेसनं बॉल टाकला, माझ्या ग्लोव्हमध्ये आला, आणि बोर्डावर अठ्ठ्याऐंशी. ताई, मी दिवसाला दीडशे बॉल झेलतो. माझा तळहात त्या पिस्तुलापेक्षा खरा आहे. तो बॉल चौऱ्याऐंशीच्या वर नव्हता. पुढचा पण नव्हता. बोर्ड मात्र अठ्ठ्याऐंशी, सत्त्याऐंशी म्हणत होता, आणि उलिसेसची मान हळूहळू वर येत होती. तीन आठवड्यांनी तो खरंच अठ्ठ्याऐंशी टाकायला लागला.

त्या पहिल्या दिवशी मॅच झाल्यावर काका खुर्चीत बसून सूर्यफुलाच्या बिया खात होते. मी जाऊन बसलो आणि म्हणलं, "काका, पिस्तूल बिघडलंय वाटतं." ते म्हणाले, "कधीपासून? आजपासून, की तुझा अंगठा मोडला तेव्हापासून?"

माझ्या घशात बी अडकली. त्यांनी पाठीवर थाप मारली, डाव्या हातानं. मग म्हणाले, "एकोणतीस वर्षं मी हा हात खांद्याला लावून फिरतोय, माकडा. किती टाकला हे मला तुमच्या बोर्डानं सांगायचं? पहिल्या दिवशी तू सात आणि दोन बोटं केलीस. मला वाटलं हे पोरगं आत्ता रडेल. म्हणून गप्प बसलो."

मी म्हणलं, "आणि नंतर?" त्यांनी एक बी फोडली. मग म्हणाले, "नंतर मला आवडायला लागलं." आणि मांडीवरची टरफलं झटकत म्हणाले, "ह्यातलं पोरांना सांगू नकोस. त्यांना वाटतंय ते मला सांभाळतायत. त्या नादात बरी वागतात."

म्हणजे बघ आता काय झालंय. पोरांना वाटतं काकांना माहीत नाही. काकांना वाटतं पोरांना कधी कळू नये. मधोमध मी, ज्याच्या पोटात आजपर्यंत गुपित सोड, बटाटा पण टिकला नाही. आणि तू आकडा दिसला असला तरी दर रविवारी फोन करून विचारतेस, "बाबा, आज किती?" मी बाजूला बूट काढत ऐकत असतो. नीट आठवून बघ, ताई. ते कधी "मी त्र्याहत्तर टाकला" म्हणालेत का? कधीच नाही. ते म्हणतात, "बोर्ड म्हणतो त्र्याहत्तर." तुझ्याशी खोटं बोलायचं नाही आणि घरी पण यायचं नाही, अशी बरोबर मधली गल्ली शोधलीय त्यांनी. त्यांच्यावर चिडू नकोस. चिडायचं तर माझ्यावर चिड, मला सराव आहे.

मी हे सगळं तुला कधीच लिहिलं नसतं. पण गेल्या शनिवारी एक गोष्ट झाली. पाचवी इनिंग. एका दांडगट पोराच्या बॅटवर बॉल बसला आणि सरळ काकांकडं परत गेला. असा बॉल पिचरला दिसतोच, विचार करायच्या आधी ग्लोव्ह वर जातो. मी समोरून बघत होतो. त्यांचा ग्लोव्ह हललाच नाही. मांडीपाशी तसाच लोंबत राहिला. बॉल त्यांच्या बरगड्यांवर बसला. मोठा आवाज नाही झाला. गादीवर काठी मारावी तसा झाला. ते पडले नाहीत. बॉल पायाशी पडला होता तो उचलून पहिल्या बेसला टाकला, पोरगा आउट, लोक उभे राहून नाचतायत. मी धावत गेलो तर मला म्हणाले, "दिसला नाही रे." एवढंच. नंतर सगळ्यांना म्हणाले, "मुद्दाम अंगावर घेतला, ग्लोव्ह नवीन आहे."

बरगडी मोडलेली नाही, डॉक्टरनं बघितलंय, तू घाबरू नकोस. निळा डाग आहे, माझ्या पंज्याएवढा. पण तो बॉल एक वीत वर असता तर मी आज हे पत्र दुसऱ्या कारणासाठी लिहीत असतो. आणि ती सात आणि दोन बोटं दाखवून त्यांना तिथं उभं कोणी केलं? मी. मला चार दिवस जेवण जात नाहीये. आईनं काल माझ्या आवडीचं मांस निखाऱ्यावर भाजलं, मी दोनच तुकडे खाल्ले, तर ती म्हणाली, "कोणाच्या पोरीला काय केलंस?" मी म्हणलं, "तसंच काहीतरी."

मी काकांना थेट सांगून बघितलं. काल म्हणलं, "काका, आता पुरे, ताईकडं जा." ते म्हणाले, "शब्द बोर्डाचा आहे. बोर्ड सांगेल तेव्हा जाईन." मी म्हणलं, "बोर्ड खोटा आहे हे तुम्हालाच माहिती आहे." म्हणाले, "मग खरा करा." आणि हसले. ताई, आमच्यापैकी एकाच्यानंही तो खरा होणार नाही. आम्ही बोटं वर करतो आणि ती आपोआप सात होतात. उलिसेसला विचारलं, तू दाखवशील का सहा? तो म्हणाला, "तू माझ्या आईला सांग मी मेलो म्हणून, ते सोपं आहे."

अजून एक सांगतो, हे फक्त तुलाच कळेल. शनिवारी मॅच संपल्यावर काका मैदानातून बाहेर पडले तेव्हा मी मागून चालत होतो. त्यांची ती जुनी पिशवी आहे ना, बूट आणि टॉवेलची, चांगली जड. डावी बाजू दुखत होती म्हणून असेल. पण ताई, त्यांनी पिशवी उजव्या हातात घेतली होती. फाटकापर्यंत उजव्या हातात. मी दोन वर्षांत त्या हातात बॉलशिवाय काही बघितलं नव्हतं. फाटकावर चौकीदाराचं लहान पोरगं उभं होतं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, तो पण उजवाच. त्यांचं ठरलंय. फक्त कोणीतरी त्यांना सांगायचं राहिलंय, आणि ज्याचं ते ऐकतील असं एकच माणूस आहे.

म्हणून हे पत्र, आजच्याच बसच्या ड्रायव्हरकडं देतोय, उद्या तुला मिळेल. ह्या रविवारी घरच्या मैदानावरची शेवटची मॅच आहे, दुपारी एकला, काका पिचर. शनिवारची बस पकड आणि ये. त्यांना सांगू नकोस येतेयस म्हणून. पिस्तूल त्या दिवशी उलिसेसकडं आहे, पण रविवारी साडेबाराला त्याचं पोट बिघडणार आहे, ते मी बघतो, माझ्याकडं औषध आहे. जाळीमागची प्लास्टिकची खुर्ची रिकामी असेल. तू जाऊन बस. घोडा दाबायचा, आकडा बघायचा, एलीसेओला बोटं दाखवायची, लहान पोराला पण जमतं. पहिल्या बॉलला दाखवलंच पाहिजे असं नाही. मला विचारशील तर दोन-चार इनिंग त्यांना खेळू दे, आमच्याच आकड्यावर, मी झेलतो, मी सांभाळतो, त्या दांडगटाला बाहेरचे बॉल मागवतो. पण मग कधीतरी, तुला वाटेल तेव्हा, जे दिसेल ते दाखव. सहा, आणि मग जे असेल ते. ते बोर्ड बघतील, मग खुर्चीकडं बघतील कोण बसलंय ते, आणि तू दिसशील. मग ते बॉल खाली ठेवतील. ह्या वेळी मी खुर्चीवर चढणार नाही. मी मास्क घालूनच बसणार आहे, म्हणजे माझं तोंड कोणाला दिसणार नाही. आणि तुझी बोटं पण सातच झाली, तर ते पण मला समजेल, मी काही बोलणार नाही. पण कोणाला सांगू नकोस, ताई, तुझ्या पाया पडतो. पोरांना सांगू नकोस की काकांना माहीत होतं. काकांना सांगू नकोस की मी पत्र लिहिलं, तू आपली सहज आली होतीस, बस लवकर पोचली, खुर्ची रिकामी होती म्हणून बसलीस. उलिसेसला पोटाचं सांगू नकोस. माझ्या आईला काहीच सांगू नकोस. हे पत्र वाचलंस की चुलीत घाल, आणि कोणी विचारलं की एव्हेरार्दोनं काय लिहिलं होतं, तर म्हण, नाड्यांबद्दल माफी मागितली होती. ती पण मागतो.

तुझाच,
बाकाला नाड्या बांधणारा
एव्हेरार्दो